पौषातला गारठा आणि बालाघाटची फुले

मराठवाड्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर धाराशिव जिल्हा वसलेला आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीचे हे पठार अवर्षणासाठी जितके परिचित आहे, तितके थंडीसाठी नाही. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्याची आठवण येथील माणसाला वर्षभर पुरते. थंडी ही चार दिवसांची पाहुणी, अंगावर घोंगडी घेतली की तिचा पाहुणचार झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि मार्गशीर्ष सरून पौष लागला, की एखाद्या वर्षी या पठारावर अशी रात्र येते की आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेला झेंडूचा वाफा सकाळी कोणी उकळते पाणी ओतावे तसा काळवंडून लोंबलेला दिसतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, “रोपाला हिव लागलं.” या साध्या वाक्यामागे काय घडते, कोठे घडते आणि ते टाळता येते काय, हे जाणून घ्यायचे असेल तर पौषातील दोन दिवस या जिल्ह्यात हिंडावे. येथील लेणी, नदीकाठ, दऱ्या आणि डोंगर यांचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे.

प्रवासाची सुरुवात धाराशिव शहरातूनच करावी. निजामी राजवटीत मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून या शहराचे उस्मानाबाद झाले होते. २०२३ मध्ये जुने नाव अधिकृतपणे परत आले. पौषातल्या सकाळी बाजारपेठ जरा उशिराच जागी होते. दुकानांच्या फळ्या उघडण्यापूर्वी कोपऱ्यावर शेकोटी पेटलेली असते आणि तिच्याभोवती वर्तमानपत्रातील आकड्याची चर्चा चाललेली असते. आज पारा नऊवर, काल आठवर होता, असे कोणी सांगतो. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर त्यास थंडीची लाट म्हणतात. आठ किंवा नऊ अंशांत पाणी गोठत नाही हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. मग फुलझाडाने धास्ती का घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर आकडा कोठे मोजला जातो यात आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याच्यावर छप्पर असते. उघडे आभाळ त्याला दिसत नाही. अंगणातील पिटुनियाचे पान मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर, उघड्या आभाळाखाली असते. शांत, निरभ्र रात्री अशा पानाचे तापमान पेटीतील आकड्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी खाली जाऊ शकते. वर्तमानपत्रात पाच अंश छापून येतात, तेव्हा एखाद्या सखल वाफ्यातील पान शून्याच्या उंबरठ्यावर उभे असते. आकडा खरा असतो, परंतु तो पानाचा नसतो.

व्यापारी कुटुंबातील वाचकाला ही गोष्ट जमाखर्चाच्या भाषेत चटकन उमगेल. दिवसभर ऊन जमिनीच्या खात्यावर ऊब जमा करते. सूर्य मावळला की जमा थांबते आणि खर्च सुरू होतो; जमीन, पाने, दगड आपली ऊब आभाळाकडे सोडू लागतात. आभाळात ढग असले तर ते रजईसारखे काम करतात आणि त्या उबेचा मोठा भाग परत करतात. वारा असला तर वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळत राहते. ज्या रात्री ढग नाहीत, वारा पडलेला आहे आणि हवा कोरडी आहे, त्या रात्री खर्चाला आळा घालणारे काहीच उरत नाही. म्हणून बोचऱ्या वाऱ्याची संध्याकाळ माणसाला सोसवत नसली, तरी फुलाला खरा धोका त्यानंतरच्या निवांत रात्री असतो. वारा थांबला, चांदण्या नेहमीपेक्षा अधिक लखलखू लागल्या, तर जाणत्या माळ्याने झोपण्यापूर्वी एकदा बागेकडे पाहावे. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते; ते पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास असते, कारण तोपर्यंत खर्च चालूच असतो.

शहराजवळच्या डोंगरात धाराशिवची प्रसिद्ध लेणी आहेत. घळीच्या कडेने, डोंगराच्या उतारावर ती कोरलेली आहेत. येथील मोठ्या लेण्यातील भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आणि तिच्याशी जोडलेली करकंड राजाची कथा जैन वाचकांना अपरिचित नाही. अकराव्या शतकातील मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात या स्थळाचा उल्लेख येतो, डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले हे काव्य १९३४ मध्ये कारंजा येथून प्रसिद्ध झाले. पौषातल्या पहाटे बाहेरच्या गवतावर दव पडलेले असताना लेण्याच्या आतल्या भागात पाऊल टाकले, की ऊब जाणवते. वर शेकडो मण दगडाचे छत आहे. ते आभाळाला आड येते. भोवतीचा पाषाण दिवसाची आणि ऋतूंची उष्णता हळूहळू घेतो आणि हळूहळू सोडतो. लेणे घळीच्या तळाशी नाही आणि माथ्याच्या उघड्या वाऱ्यातही नाही. थंडीपासून संरक्षणाची तिन्ही सूत्रे येथे एकत्र आढळतात: आभाळाला आड, उष्णता साठवणारी पाठ आणि उतारावरची जागा.

घराच्या बागेत हीच सूत्रे लहान प्रमाणात उतरवता येतात. वाड्याची दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली दगडी भिंत दुपारचे ऊन पिऊन घेते आणि अर्धी रात्र ऊब देत राहते. नाजूक फुलांचा वाफा तिच्या पायथ्याशी असावा. कुंड्या अंगणाच्या मध्यभागी ठेवण्याऐवजी ओसरीच्या छपराखाली सरकवल्या, तरी पुष्कळ काम होते. कुंडीतील रोपाला अधिक जपावे लागते, कारण कुंडीच्या मुठीएवढ्या मातीत साठा थोडा आणि ती चहूबाजूंनी गार होते. आंबा किंवा कडुनिंबासारख्या, थंडीतही पाने टिकवणाऱ्या झाडाच्या कडेखाली असलेला वाफा उघड्यावरच्या वाफ्यापेक्षा सुरक्षित असतो.

शहराच्या ईशान्येस तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. आज शांत दिसणारे हे गाव एकेकाळी तगर या नावाने सातासमुद्रापार ज्ञात होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगराचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जाई, असे त्यात नमूद आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील वस्तू पाहताना रोमन जगाशी चाललेल्या त्या व्यापाराची साक्ष पटते. व्यापारी पेढीला एक नियम ठाऊक असतो: माल कोणत्या गावचा आहे हे कळल्याशिवाय तो कोठे टिकेल हे सांगता येत नाही. फुलांच्या बाबतीतही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

आपल्या सणासमारंभांत पूर्णपणे रुळलेला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. बाजारात त्यास आफ्रिकन आणि फ्रेंच अशी नावे असली, तरी दोन्ही प्रकार मेक्सिकोचेच. ही नावे वाटेवरच्या गोदामांनी चिकटवलेली लेबले होत. झिनिया आणि कॉसमॉसही तिकडचेच. उबदार प्रदेशातून आलेली ही फुले दव गोठण्याइतकी थंडी सोसू शकत नाहीत. शून्याच्या आसपास त्यांची पाने कामास येतात, आणि दहा अंशांखाली रात्री जाऊ लागल्या की वाढ मंदावते, पानांवर जांभळट छटा येते, फूल लहान पडते. आपल्याकडचा तेरडा आणि कोंबडा हेही याच नाजूक गटातले. पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा, फ्लॉक्स टेक्सासचा, अ‍ॅस्टर चीनचा. ही मधल्या गटातली फुले गारठा सहन करतात, हलके दहिवरही एखाद्या रात्रीपुरते निभावून नेतात, पण कडक गोठण त्यांना झेपत नाही. कॅलेंडुला, अ‍ॅन्टिरिनम आणि स्वीट पी यांचे माहेर भूमध्य समुद्राभोवतीचे, पॅन्सीचे युरोपातले. मुळे नीट धरलेली असतील तर ही रोपे शून्याखालील थोडी थंडीही सोसतात. बालाघाटवरचा पौष म्हणजे त्यांच्यासाठी माहेरची हवा होय. शेवंती ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बहुवर्षायू असली, तरी आपल्याकडे ती हंगामी पिकासारखीच घेतली जाते. तिचे झाड काटक आहे. उमललेल्या पाकळ्या मात्र गारठ्याने तपकिरी पडतात आणि बाजारात अशा फुलाला भाव नसतो.

या वर्गवारीत एक पोटनियम आहे. एकाच जातीचे रोप वयाप्रमाणे कमीअधिक नाजूक असते. कोवळे रोप, कळी आणि उमललेले फूल ही तिन्ही जून पानापेक्षा लवकर दुखावतात. नुकत्याच लावलेल्या रोपासाठी तेरमध्येच एक उपाय सुचतो. हे गाव संत गोरा कुंभारांचे. गोरोबाकाकांची समाधी येथे तेरणेच्या काठी आहे. कुंभाराचे साधे मडके संध्याकाळी रोपावर पालथे घातले, तर जमिनीची ऊब आत कोंडली जाते आणि आभाळाकडे जाणारी वाट बंद होते. सकाळी ऊन आले की मडके उचलावे. जगभरच्या बागांत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या घंटेसारख्या झाकणांनी जे काम होते, ते येथे मातीच्या गाडग्याने होते.

तेरहून येडशीकडे आले, की पठार एकाएकी तुटते आणि रामलिंगची दरी समोर येते. डोंगरांच्या कुशीत, ओढ्याच्या काठी रामलिंगाचे मंदिर आहे. भोवतीचा परिसर अभयारण्य म्हणून राखलेला आहे. संध्याकाळी वरून दरीत उतरणाऱ्यास एक गोष्ट हमखास जाणवते. वर साधा सदरा पुरेसा वाटत असतो, पण खाली जावे तसतसा गारवा पायांपासून वर चढतो. दुचाकीवरून रात्री ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे: पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे ऊब, आणि मधल्या खोलगट भागात गुडघ्यांना झोंबणारी थंडी. थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि सखल जागी साचते. तिचेही ओहोळ असतात, डबकी असतात.

महाबळेश्वरला हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या बहुधा वेण्णा तलावाच्या परिसरातून. गावातल्या बाजारपेठेत त्याच पहाटे तापमान अधिक असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस गोदावरीच्या खोऱ्यातील निफाड येथे पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि द्राक्षबागायतदारांनी बागांत शेकोट्या पेटवल्या होत्या. निफाड काही उंच डोंगरावर नाही. थंडीच्या लाटेत खोऱ्यातल्या सखल जमिनीला उंचीपेक्षा खोलपणाच नडतो.

शेतकऱ्याची अडचण येथेच सुरू होते. ओढ्याकाठची सखल पट्टी ही शेतातील सर्वांत चांगली जमीन असते. काळी, खोल आणि पाण्याला जवळ. अवर्षणग्रस्त जिल्ह्यात पाण्याजवळची जमीन सोडून मुरमाड उतारावर फुले लावा, असे सांगणे सोपे नाही. मात्र दोन्हींची वाटणी करता येते. झेंडू, झिनिया यांसारखी नाजूक फुले उताराच्या मधल्या पट्ट्यात घ्यावीत. तळाशी थंडी साचते आणि माथ्यावर वारा झोडपतो, मधला पट्टा त्यातल्या त्यात उबदार राहतो. तळाच्या पट्टीत काटक फुले किंवा हरभरा घ्यावा. बांधावर शेवरीची किंवा मेंदीची दाट रांग असेल, तर ती बागेच्या वरच्या अंगाला उपयोगी पडते, कारण वरून वाहत येणारी थंड हवा ती बाजूला वळवते. तीच रांग खालच्या अंगाला सलग असली, तर धरणाच्या भिंतीप्रमाणे थंडी आत अडवून धरते. खालच्या कुंपणात हातभर वाट मोकळी ठेवणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

येडशीहून महामार्गाने उत्तरेकडे गेल्यावर भूम तालुक्यात कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र लागते. कुलभूषण आणि देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ती येथेच. आसपासचा परिसर खव्यासाठी आणि पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्याच्या पहाटे टेकडीच्या पायऱ्या चढताना पायाखालची फरशी बर्फासारखी लागते आणि शाल पांघरलेल्या यात्रेकरूस मुनींच्या बावीस परीषहांपैकी शीत परीषहाची आठवण सहज होते. थंडी सोसण्याचे सामर्थ्य एका रात्रीत येत नाही, ते सवयीने वाढते, हे साधकाच्या जीवनात दिसते. वनस्पतीच्या बाबतीत विज्ञानही असेच काही सांगते.

कार्तिकापासून दिवस लहान होतात, रात्री गार होऊ लागतात. काटक रोपे या इशाऱ्याने तयारीला लागतात. त्यांच्या पेशींत साखरेचे प्रमाण वाढते, पेशींच्या पातळ आवरणांची घडण बदलते. पुढे कडाक्याची रात्र आली, तर बर्फ प्रथम पेशींच्या बाहेरील पाण्यात तयार होतो आणि आतले पाणी बाहेर ओढतो. तयारी झालेली पेशी ही तहान सोसते. तयारी न झालेली पेशी सुकते, तिची आवरणे फाटतात आणि सकाळी पान उकडल्यासारखे दिसते. म्हणून आकडा एकच असला तरी परिणाम वेगळा होतो. हळूहळू वाढत गेलेल्या थंडीतील पाच अंश रोप निभावते. आठ दिवस ढगाळ, उबदार हवामान राहून एकाएकी आलेले पाच अंश त्यास जड जातात.

माळ्याने या तयारीला हातभार लावावा. हिवाळी फुलांचे बी श्रावण-भाद्रपदात गादीवाफ्यावर पडले, तर आश्विनात पुनर्लागवड होऊन पौषापूर्वी मुळे खोल जातात. पौषात रोपवाटिकेच्या सावलीतून आणलेले रोप थेट उघड्या वाफ्यात लावू नये. आठ-दहा दिवस ते दिवसा बाहेर आणि रात्री छपराखाली ठेवून हवेची ओळख करून द्यावी. थंडीच्या तोंडावर युरियाचा हात आवरावा. नत्राने फुटलेली लुसलुशीत पालवी सर्वांत आधी करपते. शेणखत आणि पालाश योग्य वेळी मिळालेले रोप अधिक दणकट असते.

तथापि मुनींचा परीषह आणि रोपाचा गारठा यांत मोठे अंतर आहे. मुनी स्वेच्छेने सोसतात. रोप हा स्थावर जीव. थंडी वाजली म्हणून त्याला एक पाऊलही सरकता येत नाही. त्याला त्या जागी लावणारा हात माणसाचा असतो, आणि म्हणून त्याला आडोसा देण्याचे कामही त्याच हाताकडे येते.

या कामाची खरी निकड पाहायची तर त्याच महामार्गाने परतून, धाराशिव ओलांडून दक्षिणेस तुळजापूरला यावे. आश्विनातील नवरात्र आणि दसरा हा झेंडूचा मोठा हंगाम सर्वांना माहीत आहे. तुळजाभवानीच्या मंदिरात पौषातही शाकंभरी नवरात्र साजरे होते, त्याआधी मार्गशीर्षातील गुरुवार असतात आणि पाठोपाठ संक्रांत येते. म्हणजे ज्या आठवड्यांत फुलांना धोका अधिक, त्याच आठवड्यांत फुलांना गिऱ्हाईक असते. तूर किंवा हरभरा गोदामात थांबवता येतो, भाव पाहून विकता येतो. फुलाचा माल उद्यापर्यंतही थांबत नाही. चार पहाटांच्या थंडीने कळ्या गेल्या, तर रोपे, खत, मजुरी यांत घातलेली रक्कम परत येण्याचा मार्ग त्या वर्षापुरता बंद होतो. अनेकदा त्या रकमेत आडत्याने दिलेली उचलही असते. नुकसान एकट्या शेतकऱ्याचे राहत नाही.

अशा रात्री शेतकऱ्यापुढे तीन उपाय असतात: पाणी, अग्नी आणि पांघरूण.

पाणी हा त्यांतला जुना आणि भरवशाचा. विहिरीचे पाणी पौषात कोमट लागते, कारण जमिनीच्या पोटातले पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ, या भागात पंचवीस अंशांच्या आसपास असते. ओली जमीन दिवसा अधिक ऊब साठवते आणि रात्री ती वरच्या हवेस देते; कोरडी, भुसभुशीत जमीन वरवर तापते आणि लगेच गार होते. म्हणून लाटेचा इशारा मिळताच दिवसा हलके पाणी द्यावे आणि त्या दिवसांत खुरपणी टाळावी. वाफ्यावर पसरलेला भुसा किंवा पाचट मुळांना जपतो, परंतु जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. अशा रात्री तो रोपाच्या बुंध्यापासून थोडा मागे सारणे हिताचे. तुषार सिंचनाचा उपाय प्रभावी आहे, पण तो अर्धवट सोडता येत नाही. पाणी गोठताना दर ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता सोडते आणि तीच पानाला वाचवते. मात्र फवारा पहाटेच बंद पडला, तर ओल्या पानावरून उडणारे पाणी त्यास आणखी गार करते. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी असली, की कडाक्याच्या थंडीत विजेरी घेऊन चिखलात उभे राहणारा माणूस हा या फुलांच्या किमतीचा अदृश्य भाग आहे. आदल्या दुपारी पाणी देणे शक्य झाले, तर फूलही वाचते आणि ती रात्रही.

अग्नीचा उपाय सर्वत्र दिसतो. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर केला जातो. धुरापेक्षा उबेचे आणि हवा ढवळली जाण्याचे काम अधिक मोलाचे असते. जमिनीकडून आभाळाकडे जाणारी ऊब अडवण्यास धुराचे कण फार बारीक पडतात, उलट सकाळी ते कोवळे ऊन अडवतात. पेटवायचेच तर एका मोठ्या जाळापेक्षा लहान लहान अनेक शेकोट्या उपयोगी, कारण मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा आत ओढली जाते. अहिंसेचा विचार करणाऱ्या घराला आणखी एक गोष्ट खटकेल. पौषात पालापाचोळ्याच्या ढिगाखाली असंख्य लहान जीवांनी थंडीपासून आश्रय घेतलेला असतो. घरच्या बागेपुरता तरी हा उपाय टाळता येतो, कारण तिसरा उपाय हाताशी आहे.

तो तिसरा उपाय म्हणजे पांघरूण, आणि व्यापारी कुटुंबाच्या घरी ते आयतेच असते. धान्याच्या दुकानात रिकामी बारदाने पडून असतात. जुनी लुगडी, धोतरे, चादरी कपाटात असतात. वाफ्याभोवती चार काठ्या रोवाव्यात, त्यांवर बारदान असे टाकावे की ते पानांना टेकणार नाही आणि त्याच्या कडा जमिनीपर्यंत येतील. रोपाच्या बुंध्याशी गाठ मारून बांधलेले कापड फसवे असते. ऊब जमिनीतून येते, आणि गाठ तिचीच वाट बंद करते. प्लास्टिक वापरायचे तर ते पानास लागू देऊ नये, कारण स्पर्श झालेले पान कापडाखालच्या पानापेक्षा लवकर गारठते. पांघरूण घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. अंधार पडून जमीन गार झाल्यावर झाकले, तर आत राखण्यासारखे फारसे उरत नाही. ते सूर्यास्ताच्या सुमारास घालावे.

आणि एवढे करूनही एखाद्या पहाटे घाव बसलाच, तर लगेच कात्री हाती घेऊ नये. करपलेला शेंडा काही दिवस खालच्या डोळ्यांना आडोसा देतो. थंडीची लाट ओसरल्यावर मेलेला भाग छाटावा, हलके पाणी द्यावे आणि नवी फूट दिसू लागल्यावरच खत घालावे. मूळ आणि बुंधा शाबूत असला, तर काही आठवड्यांत झाड पुन्हा सावरते.

ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, तेथे पांघरूण घालण्याची वेळ वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. जेवणे होतात, ताटे उचलली जातात, आणि पश्चिमेकडे अजून लाली असतानाच घरातील मुले दुकानातून बारदाने आणून अंगणातील झेंडू झाकतात. आजोबा ओसरीवरून कड जमिनीला टेकली की नाही ते पाहतात. पहाटे जवळच्या शेतात कोणाची शेकोटी दिसते, कोठे पंपाचा आवाज येतो. ऊन भिंतीवर आले की बारदाने काढली जातात, दव झटकले जाते, आणि ती मोजून पुन्हा दुकानात जातात. झेंडू आपल्या जागी उभा असतो.